प्रवासात फोटोंसाठी लॅपटॉप: प्रोसेसर सगळ्यात शेवटी

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा, प्रवास दीड महिन्याचा, निम्मं निसर्गचित्रण आणि निम्मे पक्षी-प्राणी. घरचा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली, कच्ची फाइल) उघडतानाच धापा टाकतो, म्हणून नवा घ्यायचाय. तेवढ्याच पैशात दोन पर्याय दिसतायत: तगड्या ग्राफिक्स कार्डाचा १६ इंची गेमिंग लॅपटॉप, नाहीतर वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला पण चांगल्या स्क्रीनचा १४ इंची. आणि शेवटी विचारलंय, प्रोसेसर कुठला घेऊ?

मी गेली चौदा वर्षं कॅमेरा घेऊन फिरते, त्यातली बरीचशी पोटासाठी. या काळात पाच लॅपटॉप झाले. त्यातल्या एकालाही मी प्रोसेसरमुळे शिव्या घातलेल्या नाहीत. शिव्या खाल्ल्या त्या स्क्रीनने, पोर्टांनी, चार्जरने आणि एकदा माझ्याच आळसाने. म्हणून प्रोसेसरचं उत्तर शेवटी देते.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा: प्रवासात काम नेमकं किती करणार? माझी रोजची रात्र साधारण अशी असते. परत आल्यावर कार्ड काढायचं, लॅपटॉपवर उतरवायचं, मग दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर एकेक प्रत. तोवर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला. मग छाटणी, म्हणजे सहाशेतले साडेपाचशे बाजूला. उरलेल्यांतले चार-पाच नीट करून ज्याला पाठवायचे त्याला पाठवायचे, की झोप. पहाटे साडेचारला पुन्हा उठायचं असतं. या सगळ्यात तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं ते शेवटच्या चार-पाच फोटोंना, आणि त्यांनाही प्रत्येक वेळी नाही.

तुमची रात्र वेगळी असेल तर उत्तरही बदलेल. रोज संध्याकाळी दीडशे फोटो तयार करून ग्राहकाला द्यायचे असतील, किंवा फोटोंबरोबर व्हिडिओही कापायचा असेल, तर गेमिंग लॅपटॉपचं पारडं जड होतं. पण तुमच्या प्रश्नात असं काही दिसलं नाही, म्हणून पुढचं सगळं माझ्यासारख्या रात्रीला धरून लिहितेय.

सुरुवात स्क्रीनपासून. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एका कोपऱ्यात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप तिथेच खाली ठेवा. एनटीएससी हे रंगांची व्याप्ती मोजायचं जुनं माप. त्याचा अर्थ ती स्क्रीन एसआरजीबीमधले (बहुतेक स्क्रीन आणि इंटरनेटवर चालणारा नेहमीचा रंगसंच) साधारण ६०-६५ टक्केच रंग दाखवू शकते. गंमत म्हणजे, असे पॅनेल कधीकधी जोरकस ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपांतही बसवलेले असतात, कारण गेमिंगच्या जाहिरातीत रिफ्रेश रेटचा आकडा मोठ्या टाइपात छापला की रंगांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. माझा दुसरा लॅपटॉप असाच होता. त्यावर मी एका खंड्याचा फोटो करत बसले होते. पाठीचा निळा काही केल्या जिवंत दिसेना. म्हणून सॅच्युरेशन थोडं वाढवलं, मग अजून थोडं, मग फक्त निळ्याची पट्टी वेगळी ओढली. स्क्रीनवर छान झाला. घरी येऊन नीट मॉनिटरवर उघडला तर पक्षी अंगात दिवा लावल्यासारखा दिसत होता, आणि पिसांच्या रेषा निळ्या रंगाच्या गोळ्यात बुडालेल्या. त्या सहलीतले पाठवून झालेले तीस-चाळीस फोटो असेच गेले होते. परत मागवणार कसे?

तेव्हा किमान पूर्ण एसआरजीबी हवं. पी३, म्हणजे त्याहून मोठा रंगसंच, असेल तर उत्तम, पक्ष्यांच्या निळ्या-हिरव्यासाठी आणि सूर्यास्ताच्या केशरीसाठी त्याचा खरोखर उपयोग होतो. अ‍ॅडोब आरजीबी (छपाईसाठीचा मोठा रंगसंच) पूर्ण हवं असा हट्ट प्रवासाच्या लॅपटॉपसाठी मी धरणार नाही. प्रिंटचं शेवटचं काम तुम्ही घरीच करणार आहात.

उजेडाचं म्हणाल तर ३०० निट्सची स्क्रीन खोलीत पुरते. दुपारी गाडीत किंवा खिडकीपाशी बसलात की ती आरसा होते, त्यात तुमचंच घामेजलेलं तोंड दिसतं. ४०० ते ५०० निट्स असेल तर दिवसाही निवड करता येते. मॅट स्क्रीन मिळाली तर मी तीच घेईन. चकचकीत स्क्रीनवर रंग जास्त खुलतात हे खरं, पण अनोळखी खोलीत दिवा कुठे असेल ते आपल्या हातात नसतं.

ओएलईडीबद्दल बरेच जण विचारतात. काळा रंग अप्रतिम, रंगांची व्याप्तीही मोठी. पण त्यावर सावलीतलं जे बारीकसारीक दिसतं ते छापील कागदावर दिसेलच असं नाही, त्यामुळे सावल्या आहेत तशाच सोडायचा मोह होतो आणि प्रिंट काळंकुट्ट येतं. शिवाय बरेचसे ओएलईडी कमी उजेडावर ठेवले की लुकलुकतात. उघड दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, माझं दुखतं. तुम्हाला त्रास होत नसेल तर बिनधास्त घ्या.

आता स्क्रीनची एक खोडी, जी चांगल्या पॅनेललाही लागू आहे. लॅपटॉप आपल्या नकळत उजेड आणि रंग बदलत असतो. खोलीतल्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस वर-खाली होतो, रात्री निळा कमी होऊन सगळं पिवळसर होतं. विंडोजच्या अनेक लॅपटॉपांत याहून चोरटा प्रकार असतो: बॅटरी वाचवायला स्क्रीन समोरच्या चित्राप्रमाणे स्वतःचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट हलवते. गडद फोटोवरून उजळ फोटोवर गेलात की दोन सेकंदांनी स्क्रीन हळूच श्वास घेतल्यासारखी हलते. एकदा ते दिसलं की मग दिसतच राहतं. हे सेटिंग विंडोजच्या डिस्प्लेमध्येही असतं आणि ग्राफिक्सच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्येही असू शकतं. दोन्हीकडे बंद करा. मॅकवर ट्रू टोन, नाइट शिफ्ट आणि आपोआप ब्राइटनेस, तिन्ही बंद. मग कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करणारं यंत्र) असेल तर ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ला बसवून घ्या आणि रात्रीच्या खोलीत उजेड १०० ते १२० निट्सच्या आसपास ठेवा. पूर्ण ब्राइटनेसवर काम केलंत की सगळे फोटो प्रमाणाबाहेर गडद होणार. कॅलिब्रेटर नसेल तर निदान हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघत जा. तो खोलीतल्या पिवळ्या दिव्याने फसत नाही.

साइजचं लवकर उरकते. १४ इंच, १६:१० किंवा ३:२ आकाराची स्क्रीन, रिझोल्यूशन २५६० बाय १६००च्या जवळपास. कॅमेऱ्याची चौकट ३:२ असते, त्यामुळे १६:९च्या बुटक्या स्क्रीनवर वर-खाली पट्ट्यांना जागा देता देता फोटो तिकिटाएवढा होतो. फोरके पॅनेल १४ इंचात घेऊ नका. बॅटरी खातं, आणि पिक्सेल इतके दाट असतात की १०० टक्क्यांवर किंचित हललेला फोटोही धारदार वाटतो. छाटणी करताना हे महागात पडतं.

आता साठवण. तुमचंच गणित करू. ४५ मेगापिक्सेलची रॉ फाइल, नुकसानरहित कॉम्प्रेशनमध्ये, साधारण ५० एमबी धरा. दिवसाला ६०० फोटो म्हणजे ३० जीबी. पंचेचाळीस दिवस म्हणजे १,३५० जीबी. पक्ष्यांवर बर्स्ट मारलेत, म्हणजे एका दमात सलग फोटो काढलेत, तर एखाद्या दिवशी दोन हजार फोटोही होतील. त्यामुळे लॅपटॉपमध्ये १ टीबी एसएसडी असावी असं मी म्हणेन, पण सगळा प्रवास तिच्यात मावला पाहिजे असं नाही. बाहेरच्या २ टीबीच्या दोन एसएसडी घ्या. फिरती डिस्क असलेल्या स्वस्त ड्राइव्ह प्रवासात नकोत, चालू असताना टेबलावरून पडली की विषय संपला. पैसे कमी पडले तर लॅपटॉपची एसएसडी ५१२ जीबीवर आणा, पण बाहेरची दुसरी ड्राइव्ह कापू नका.

दोन्ही ड्राइव्ह एकाच बॅगेत ठेवू नका. एक लॅपटॉपबरोबर, दुसरी अंगावरच्या जाकिटात किंवा कपड्यांच्या बॅगेत. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसरीकडे हा जुना नियम आहे. तिसरी प्रत क्लाउडवर टाकू म्हणाल तर मुक्कामाच्या ठिकाणचा अपलोडचा वेग आधी बघा. ५ एमबीपीएसने (सेकंदाला ५ मेगाबिट) ३० जीबी चढवायला तेरा तासांहून जास्त लागतात. मी क्लाउडवर फक्त निवडलेले पन्नासेक फोटो टाकते. शक्य असेल तर कार्डंही पुरेशी न्या म्हणजे ती लगेच पुसावी लागणार नाहीत. आणि कार्ड पुसायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. लॅपटॉपवरून डिलीट करत बसू नका.

आळसाची गोष्ट इथेच सांगून टाकते. तेव्हाच्या माझ्या पातळ लॅपटॉपला टाइप-सीचे दोनच पोर्ट होते, त्यातला एक चार्जरने अडवलेला. दुसऱ्यावर एक छोटा हब, हबवर कार्ड रीडर आणि ड्राइव्ह दोन्ही. रात्रीचे अकरा वाजलेले. कॉपी सुरू केली आणि पट्टी अर्ध्याच्या पुढे गेल्यावर हब हाताला चटका बसेल इतका तापला, ड्राइव्ह 'टुंग' करून निघून गेली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कॉपी पूर्ण झाल्याचं दिसलं. मी फोल्डरचा साइज न ताडता कार्ड फॉरमॅट केलं आणि झोपले. घरी आल्यावर कळलं की त्यातल्या एकसष्ट फाइल अर्धवट होत्या: वरचा अर्धा फोटो नीट, खालचा अर्धा करडा. बाहेरच्या ड्राइव्हवरची प्रत त्याच कॉपीची, त्यामुळे तीही तशीच. तेव्हापासून कॉपी करून झाल्यावर फाइल पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरनेच कार्ड उतरवते, आणि पहिली प्रत थेट पोर्टवर, हबवर नाही.

म्हणून लॅपटॉप बघताना तो उलटसुलट करून पोर्ट मोजा. चार्जर लावल्यावर निदान दोन वेगवान पोर्ट मोकळे राहिले पाहिजेत. अंगचाच एसडी कार्डाचा खाचा असेल तर सोन्याहून पिवळं, पण त्याचा वेग विचारा. यूएचएस-१ खाचा सेकंदाला ९० एमबीच्या आसपास वेग देतो, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड बारा मिनिटांत. यूएचएस-२ असेल आणि कार्डही तसंच असेल तर तेच काम चार-पाच मिनिटांत. काही लॅपटॉपांत हा खाचा आतून जुन्या यूएसबी २ वर जोडलेला असतो. तिथे अर्धा तास लागतो आणि माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं. तुमच्या कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस (एसडीहून वेगळं, जास्त वेगवान कार्ड) असेल तर रीडर वेगळाच घ्यावा लागेल. तो किमान १० जीबीपीएसचा घ्या आणि त्याची केबलही तेवढ्याच वेगाची आहे ना ते बघा. चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल बहुतेकदा यूएसबी २ चीच असते. दिसायला दोन्ही सारख्याच, त्यामुळे मी वेगवान केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे.

वजन आणि वीज, दोन्ही एकदम घेऊ. १६ इंची गेमिंग लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास आणि त्याची चार्जरची वीट आणखी पाऊण किलोपर्यंत. १४ इंची दीड किलोच्या आत-बाहेर, चार्जर मुठीत मावेल एवढा. फरक साधारण दीड किलोचा, म्हणजे एक चांगली झूम लेन्स. शिवाय गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्ड आवाज न करता मान टाकतं. ज्या ताकदीसाठी पैसे मोजले ती भिंतीतल्या प्लगजवळच मिळते. टाइप-सीवरून ६५ ते १०० वॉटने चार्ज होणारा लॅपटॉप घेतलात तर एकाच चार्जरवर लॅपटॉप, फोन आणि बहुतेक नव्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्याही भागतात.

पॉवर बँक न्यायची असेल तर विमानाचा नियम लक्षात असू द्या. १०० वॉट-तासांपर्यंतची साधारणपणे परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते, आणि पॉवर बँक कायम हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-तास म्हणजे साधारण २७,००० एमएएच. वाटेतली गळती धरून त्यातून ६०-७० वॉट-तासांचा लॅपटॉप जेमतेम एकदा पूर्ण भरतो.

रॅम ३२ जीबी घ्या. १६ वर काम होतं, मी चार वर्षं केलंय. पण तुमच्या फोटोचा १६-बिट फोटोशॉपमध्ये एक लेअर २७० एमबीचा होतो. निसर्गचित्रांचे सहा फोटो जोडून पॅनोरामा करायला घेतलात की १६ जीबी भरायला वेळ लागत नाही. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे हा निर्णय घेतानाच घ्यावा लागतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची रॅम यांत निवड करायची झाली तर मी रॅम निवडेन.

तरी ग्राफिक्स कार्डावर अन्याय नको. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एआयवर चालणारं डीनॉइझ, म्हणजे फोटोतले दाणे घालवणारं साधन, २०२३ मध्ये आलं आणि वन्यजीव टिपणाऱ्यांची चैन झाली. पहाटेच्या अंधारात चढ्या आयएसओवर काढलेले फोटो आता वाचतात. पण ते सगळं काम ग्राफिक्सवर टाकतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला चार-पाच मिनिटं लागायची, घरच्या मशीनवर पंधरा-वीस सेकंदांत होतं. म्हणून प्रवासात मी ते फक्त पाठवायच्या चार फोटोंना लावते, बाकीचे खूण करून घरच्या मशीनसाठी ठेवते. तुमच्याकडे घरी बरा डेस्कटॉप नसेल आणि हाच एकमेव कॉम्प्युटर असणार असेल, तर मात्र माझा सल्ला ढिला पडतो. तेव्हा वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला पण गेमिंगच्या वर्गातला नसलेला १४ इंची शोधा. असे असतात, थोडे जाड असतात.

सॉफ्टवेअर नीट वापरलं तर लॅपटॉपवरचा भार निम्मा होतो, हे कोणी सांगत नाही. छाटणी लाइटरूममध्ये करू नका. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला जेपेग असतो, तोच थेट दाखवणारी छाटणीची सॉफ्टवेअरं मिळतात. त्यांवर तुमचा जुना ८ जीबीचा लॅपटॉपही धावेल, बघा करून. आणि लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रीव्ह्यू बनवून ठेवा. लांब बाजूला २५६० पिक्सेलच्या या छोट्या फाइल असतात, मूळ फोटोंची ड्राइव्ह न लावता त्यांवर रंग-उजेडाचं काम करता येतं. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप असताना ड्राइव्ह लोंबकळत ठेवावी लागत नाही, हा त्यातला खरा फायदा.

मॅक की विंडोज यावर मी भांडत नाही. एवढंच सांगते की अ‍ॅपलच्या एम मालिकेचे, म्हणजे २०२० च्या शेवटापासूनचे लॅपटॉप बॅटरीवरही प्लगवर असल्यासारखेच चालतात, आणि स्क्रीन चांगली की वाईट हे तपासत बसावं लागत नाही. एअरला पंखा नाही, त्यामुळे तीनशे फोटो एकदम एक्सपोर्टला लावले की तो तापून मंदावतो. प्रवासात तीनशे एक्सपोर्ट कोण करतं? सवय विंडोजची असेल तर प्रवासाच्या तोंडावर बदलू नका. आणि दोन्हींत ये-जा करणार असाल तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये (दोन्हींना चालणारा फॉरमॅट) ठेवा, कारण मॅक विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅट मात्र नाजूक आहे, इजेक्ट न करता केबल ओढायची सवय असेल तर ती घरी ठेवून जा.

राहिला प्रोसेसर. गेल्या तीन वर्षांतला, मधल्या वर्गातला कुठलाही. खरंच एवढंच. फक्त विंडोजमध्ये एआरएम चिपचा (नेहमीच्या इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीचा) लॅपटॉप बघत असाल तर तुमचे प्लगइन आणि कॅलिब्रेटरचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते आधी तपासा. बॅटरीच्या बाबतीत ते छान असतात.

लॅपटॉप हरवण्याची तयारीही आत्ताच करा. डिस्क एन्क्रिप्ट असू द्या, पण तिची रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. माझ्याबरोबरच्या एका छायाचित्रकाराच्या विंडोज लॅपटॉपने प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, अपडेटनंतर, ४८ आकडी की मागितली. ती ज्या ईमेल खात्यात होती त्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेला. पुढचे दहा दिवस त्याने माझ्या लॅपटॉपवर कार्डं उतरवली.

तर तुमच्या दोन पर्यायांपैकी १४ इंची, ३२ जीबी रॅम, १ टीबी, आणि त्याबरोबर दोन ड्राइव्ह आणि एक बरा रीडर. पैसे ताणले जात असतील तर खालच्या वर्गातल्या नव्यापेक्षा दोन वर्षं वापरलेला वरच्या वर्गातला चालेल. फक्त बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता यांतला फरक बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीत धरा.

आणि घ्याल तो निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. परत करायची मुदत शिल्लक असतानाच घरी एक रात्र प्रवासातली समजून काढा. चार्जर कपाटात टाका, बॅटरी पूर्ण भरलेली. एक भरलेलं कार्ड उतरवा, दोन्ही ड्राइव्हवर प्रती करा, सहाशे फोटो छाटा, पाच नीट करून एक्सपोर्ट करा. कॉपी मध्येच तुटली का, स्क्रीन श्वास घेतेय का, मांडीला चटका बसतोय का ते बघा, आणि शेवटी किती टक्के बॅटरी उरली ते लिहून ठेवा. चाळीसच्या खाली असेल तर तो लॅपटॉप परत करा आणि दुसरा बघा.